घरातील वृद्धांना न्यूमोनियाचा धोका किती, हे टप्प्याटप्प्याने कसे तपासावे

डिसेंबर-जानेवारीत इंदूरमध्ये पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला की रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "बाबांना ना ताप, ना खोकला; मग डॉक्टर न्यूमोनिया कसा म्हणतात?" तरुणांमध्ये हा आजार ताप, खोकला आणि छातीतील दुखणे घेऊन येतो. सत्तरी-ऐंशीच्या माणसात मात्र तो अनेकदा जेवण कमी होणे, दिवसभर झोपून राहणे, असंबद्ध बोलणे किंवा बाथरूममध्ये तोल जाऊन पडणे या रूपाने प्रथम दिसतो. ताप येण्याची वाट पाहत बसणारे कुटुंब म्हणूनच उशिरा पोहोचते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. धोका किती आहे, आज आजार झाला आहे का, आणि झाला असल्यास तो किती गंभीर आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या नोंदींवरून मिळतात, तरी घरोघरी ती एकाच ऑक्सिमीटरच्या आकड्यात शोधली जातात. पुढील टप्पे त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातील नोंद लागते. निदान करणे हे डॉक्टरांचेच काम आहे. घरच्यांनी करायची आहे ती नीट पाहणी आणि वेळेवर हालचाल.

१. तयारी: साधने आणि फाइल

डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दंडाला पट्टा बांधायचा रक्तदाबमापक, वजनकाटा, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक वही, एवढे पुरते. रक्तदाबमापक शक्यतो मनगटाचा घेऊ नये. हाताची उंची थोडी बदलली तरी त्याचा आकडा बदलतो. साधने एकाच डब्यात ठेवावीत आणि सेल चालू आहेत की नाहीत हे महिन्यातून एकदा पाहावे.

फाइलमध्ये मागील डिस्चार्ज कार्डे, छातीचा सर्वांत अलीकडचा एक्स-रे, मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल, लसींच्या तारखा आणि चालू औषधांची यादी ठेवावी. औषधांची यादी आठवणीवर विसंबून लिहू नये. प्रत्यक्ष पाकिटे समोर मांडून लिहावी. आठवणीतून लिहिताना रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या लक्षात राहतात, पण झोपेची गोळी, सर्दीची गोळी आणि सकाळची 'गॅसची गोळी' हमखास सुटते, आणि या तपासणीत नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात. वय सत्तर किंवा त्याहून अधिक असल्यास आयुष्मान वय वंदना कार्डही (सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठीचे) आताच काढून याच फाइलमध्ये ठेवावे. रात्री दोन वाजता ते शोधणे शक्य होत नाही.

मुले पुण्याला किंवा बंगळूरला आणि आई-वडील इंदूरला, ही स्थिती अनेक घरांत आहे. अशा घरी नोंद ठेवणारी व्यक्ती बहुधा हिंदी बोलणारी मदतनीस असते. वहीतील रकाने तिला समजतील असेच असावेत: साँस, बुखार, खाना, नींद, बातचीत. मराठीचा आग्रह येथे कामाचा नाही.

२. निरोगी दिवसांची नोंद

हा टप्पा बहुतेक कुटुंबे गाळतात आणि पुढचा सारा गोंधळ तेथूनच सुरू होतो. प्रकृती स्थिर असताना सलग आठवडाभर, रोज साधारण एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसवून पुढील नोंदी घ्याव्यात.

श्वासाचा वेग सर्वांत आधी घ्यावा, आणि त्यासाठी थोडे कसब लागते. आपण श्वास मोजत आहोत हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरावे आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवावी. स्वेटर किंवा शालीमुळे हालचाल दिसत नसेल तर आपला हात पोटावर अलगद ठेवावा. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय घातक आहे, कारण वृद्धांचा श्वास अनियमित असतो आणि एका श्वासाची चूक चौपट होते. निरोगी प्रौढाचा वेग मिनिटाला साधारण १२ ते २० असतो; काही वृद्धांमध्ये तो नेहमीच किंचित जास्त असतो, म्हणूनच आपल्या माणसाचा आकडा माहीत असणे आवश्यक आहे.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून गरम करावा. थंड बोटावर आकडा खोटा कमी येतो. नखावर नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसावी. यंत्र लावताच दिसणारा पहिला आकडा लिहू नये. आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबावे. निरोगी माणसात तो ९५ किंवा अधिक असतो, पण फुप्फुसाच्या जुनाट विकारात तो नेहमीच त्याखाली राहू शकतो. अशा रुग्णाचा योग्य पल्ला डॉक्टरांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

तोंडात थर्मामीटर लावायचा असेल तर चहा घेतल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. काखेतील तापमान तोंडातल्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून एकच जागा ठरवावी आणि ती बदलू नये. अनेक वृद्धांचे नेहमीचे तापमान ९७ फॅरनहाइटच्या आसपास असते. त्यांना ९९ म्हणजे 'ताप नाही' असे म्हणता येत नाही.

मनाच्या स्थितीचीही नोंद हवी. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, सकाळी कोण आले होते, असे सहज बोलण्याच्या ओघात विचारावे. महिने उलटे म्हणायला सांगणे ही लक्ष टिकते का ते पाहण्याची चांगली युक्ती आहे. ज्यांच्या तोंडी चैत्र-वैशाख अधिक बसलेले आहेत त्यांना फाल्गुन, माघ, पौष असे मागे येण्यास सांगावे. किती नावे बरोबर आली ते लिहावे. ऐकण्याचे यंत्र आणि चष्मा लावल्याशिवाय ही पाहणी करू नये, नाहीतर बहिरेपणाची नोंद गोंधळ म्हणून होते.

याखेरीज रक्तदाब, नाडी, वजन, रोजच्या पोळ्यांची संख्या आणि माणूस स्वतःहून कुठपर्यंत चालतो हे लिहावे.

*तपासणी:* आठवड्याच्या शेवटी वहीच्या पहिल्या पानावर 'नेहमीचा श्वास, नेहमीचा ऑक्सिजन, नेहमीचे तापमान, नेहमीचा रक्तदाब, नेहमीचे बोलणे' अशा पाच ओळी लिहिता आल्या पाहिजेत. न आल्यास पुढे जाऊ नये.

३. कायमच्या धोक्याची मांडणी

येथे गुण देऊन बेरीज करण्याच्या फंदात पडू नये. एखादी व्यक्ती तीन प्रकारे असुरक्षित असते, आणि कोणत्या प्रकारे, हे कळले तरच उपाय ठरवता येतो.

पहिला प्रकार म्हणजे फुप्फुसात नको ते शिरणे. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, अस्वच्छ तोंड, आडवे झोपून जेवण आणि गुंगी आणणारी औषधे यांमुळे अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते. दुसरा, शिरलेले बाहेर टाकता न येणे: क्षीण खोकला, अंथरुणाला खिळणे, बरगडी मोडल्याने दीर्घ श्वास न घेणे, धूम्रपान, जुनाट ब्राँकायटिस. तिसरा, जंतूंशी झुंजण्याची ताकद कमी असणे: मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत जाणे, कर्करोग, स्टेरॉइड, कुपोषण. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल तर ती नोंद ठळक करावी. साठ किलोच्या माणसात हे तीन किलो होतात आणि सैल कपड्यांखाली ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पूर्वी न्यूमोनिया होऊन गेला असल्यास किंवा नुकताच फ्लू झाला असल्यास धोका वाढतो, मग प्रकार कोणताही असो.

औषधांच्या यादीवर आता पुन्हा नजर टाकावी. झोपेच्या गोळ्या, सुस्ती आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके आणि रात्रीच्या बेचैनीसाठी दिलेली मानसविकाराची औषधे यांवर खूण करावी. वर्षानुवर्षे चालू असलेल्या आम्लरोधक गोळीचाही (तीच 'गॅसची गोळी') न्यूमोनियाशी संबंध आढळला आहे. तिची गरज अजून आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी.

*खबरदारी:* ही यादी पाहून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. झोपेची गोळी किंवा स्टेरॉइड एकाएकी थांबवणे स्वतंत्रपणे धोक्याचे आहे.

४. जेवताना गिळण्याची पाहणी

एक पूर्ण जेवण आणि एक चहा, समोर बसून, मध्ये न बोलता पाहावे. ठसका लागतो का, हा एकच प्रश्न पुरेसा नाही. काही वृद्धांमध्ये घसा इतका बधिर झालेला असतो की पाणी श्वासनलिकेत गेले तरी खोकला येतच नाही. म्हणून गिळल्यानंतर आवाज घोगरा किंवा ओला, गुळगुळता होतो का ते ऐकावे. दोन घासांनंतर 'आ' म्हणायला लावले की हे सहज कळते. गालात घास साठून राहणे, एकाच घासासाठी तीन-चारदा गिळावे लागणे, जेवणाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागणे, डोळ्यांत पाणी येणे, आणि एखादा पदार्थ माणसाने न सांगता सोडून देणे, याही खुणाच आहेत.

घट्ट पदार्थ धोक्याचे आणि पातळ पदार्थ सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. गिळण्याचा दोष असलेल्यांना पाणी, पातळ ताक आणि सार हेच अधिक अवघड जातात, कारण पातळ द्रव घशाच्या हालचालीआधीच खाली घरंगळतो. त्याहून कठीण म्हणजे एकाच घासात द्रव आणि घन: दूध-पोळीचा काला, पाणीदार वरणातील भात. इंदूरच्या न्याहारीचा विचार करता कोरडे पोहे आणि वर भुरभुरलेली शेव हे मिश्रण तोंडात विखुरते आणि घशात चिकटते. साबुदाण्याच्या खिचडीचेही तसेच. हे पदार्थ लगेच बंद करा असे म्हणणे नाही, पण पाहणीसाठी निवडायचे जेवण हेच असावे, कारण मऊ खिचडीवर प्रत्येकजण उत्तीर्ण होतो.

*खबरदारी:* घरी पेला भरून पाणी एका दमात प्यायला लावून 'चाचणी' घेऊ नये. ती प्रशिक्षित वाचा-गिळणतज्ज्ञांसमोरच व्हावी. वरीलपैकी दोन खुणा वारंवार दिसल्यास त्यांच्याकडे पाठवण्याची विनंती डॉक्टरांना करावी. पाणी घट्ट करण्याची पावडर सल्ल्याशिवाय सुरू करू नये. चव न आवडल्याने पाणी पिणेच कमी होते.

तोवर दोन गोष्टी करता येतात. जेवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली असावी, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटेची डोक्याकडची बाजू तीस अंश किंवा अधिक उचलावी. नुसत्या उशा रचल्याने मान दुमडते आणि पोट दाबले जाते.

नाकात तेल किंवा तूप सोडण्याची जुनी सवय ज्या घरांत आहे त्यांनी येथे थांबावे. गिळण्याचा दोष असलेल्या वृद्धात ते तेल खोकला न उठवता फुप्फुसात उतरते आणि तेलामुळे होणारा वेगळाच न्यूमोनिया निर्माण करते, जो प्रतिजैविकांनी बरा होत नाही.

५. तोंड आणि कवळी

बॅटरीच्या प्रकाशात जीभ, हिरड्या आणि गाल पाहावेत. पांढरा थर, सुटलेले दात, कवळीखाली अडकलेले अन्न यांची नोंद करावी. फुप्फुसात उतरणाऱ्या लाळेबरोबर तोंडातले जंतूही उतरतात, त्यामुळे दात नसलेल्या तोंडाचीही दोन वेळा स्वच्छता हवी. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी. "आई कवळीशिवाय झोपायला लाजते" हे कारण मी अनेकदा ऐकले आहे. तरीही ती काढावीच. जपानमध्ये ८५ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला होता.

६. लसींचा हिशोब

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतात; गेल्या वर्षीची लस यंदा मोजू नये. भारतात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात डोके वर काढतो, म्हणून तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी. न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील) लस वेगळी असते आणि तिचे प्रकारही दोन: संयुग्मित (कॉन्जुगेट) आणि या जंतूच्या २३ प्रकारांवरील. जेथे दोन्ही द्यायच्या असतात तेथे संयुग्मित आधी आणि दुसरी साधारण वर्षाने, असा क्रम असतो. "न्यूमोनियाची लस झाली आहे" एवढे सांगणे डॉक्टरांच्या उपयोगाचे नाही. लसीचे नाव आणि तारीख सांगावी. या लसी सर्व प्रकारच्या न्यूमोनियापासून वाचवत नाहीत, विशेषतः ठसक्यातून होणाऱ्या न्यूमोनियापासून, म्हणून चौथा आणि पाचवा टप्पा लसीमुळे टळत नाही.

रंगपंचमीच्या गेरीत (राजवाड्याकडे निघणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीत) उडणारा गुलाल आणि दिवाळीचा धूर हे जुनाट श्वासविकार असलेल्या वृद्धांना त्रास देतात. त्या दिवशी राजवाड्याकडे न जाणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

७. बदल दिसला तर: पाहणीचा क्रम

"आज काहीतरी वेगळे वाटते" असे रोज सोबत राहणाऱ्या व्यक्तीने म्हटले की तपासणी सुरू करावी. मदतनिसाचे हे वाक्य उडवून लावू नये. फोनवरून विचारपूस करणाऱ्या मुलापेक्षा तिला बदल आधी कळतो.

क्रम असा ठेवावा: प्रथम बोलणे आणि जाग, मग श्वास, मग ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब आणि शेवटी तापमान. तापमान शेवटी घेण्याचे कारण एवढेच, की ते आधी घेऊन 'नॉर्मल' आले तर बाकीची पाहणी कोणी करत नाही. प्रत्येक आकडा पहिल्या पानावरील नेहमीच्या आकड्याशेजारी लिहावा.

तोंडातील तापमान एकदा १०० च्या वर, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर, किंवा नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटने जास्त असल्यास वृद्धांमध्ये तो ताप समजावा. पॅरासिटामॉल दिल्यावर चार ते सहा तास तापमानावर विश्वास ठेवू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर (नाडी संथ ठेवणारे औषध) चालू असेल तर नाडी वाढत नाही. संथ नाडी पाहून निर्धास्त होऊ नये. गोंधळ म्हणजे नेहमी आरडाओरडाच असतो असे नाही: शांत, गुंगीत, विचारल्यावर उशिरा उत्तर देणारा वृद्ध अधिक आजारी असू शकतो, आणि "आज किती शांत झोपले आहेत" म्हणून तोच दुर्लक्षित राहतो.

८. निर्णय

१०८ वर फोन करून लगेच रुग्णालयात न्यावे: श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक, ऑक्सिजन ९२ किंवा कमी (जुनाट विकारात डॉक्टरांनी सांगितलेल्या पल्ल्याखाली), वरचा रक्तदाब ९० च्या खाली, ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणे, जागे करता न येणे, किंवा नव्याने आलेला स्पष्ट गोंधळ.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे: श्वास २५ किंवा अधिक, ऑक्सिजन ९३-९४ किंवा नेहमीपेक्षा तीन अंकांनी कमी, वर सांगितलेला ताप, विनाकारण पडणे, जेवण निम्म्यावर येणे, ठसक्यानंतर सुरू झालेला खोकला. तिसऱ्या टप्प्यात ज्यांच्या धोक्याचे दोन किंवा तीन प्रकार निघाले त्यांच्याबाबत यांपैकी एक खूणही पुरे. 'उद्या बघू' असे म्हणू नये.

बाकी स्थितीत चार-चार तासांनी, रात्रीसुद्धा, तीच पाहणी करावी.

इंटरनेटवर सापडणाऱ्या सीआरबी-६५ या गुणांकाचा येथे गैरवापर होतो. गोंधळ, श्वास ३० किंवा अधिक, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी आणि वय ६५ किंवा अधिक, यांना प्रत्येकी एक गुण असतो. रुग्णालयात रक्तातील युरिया धरून त्याचा पाच गुणांचा प्रकार वापरतात. पण न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरांनी ठरवल्यानंतर त्याची तीव्रता अजमावण्यासाठी तो आहे. धडधाकट आजोबांना वयाचा एक गुण मिळतो म्हणून त्यांना आजार झाला आहे असे ठरत नाही, आणि ऑक्सिजन ८८ असूनही गुण एकच आला म्हणून घरी थांबणे चुकीचे आहे, कारण ऑक्सिजन त्यात मोजलाच जात नाही. शिवाय अनेक वृद्धांचा खालचा रक्तदाब एरवीही साठच्या आसपास असतो. पहिल्या पानाशिवाय त्या गुणाला अर्थ नाही.

*खबरदारी:* या काळात घरात उरलेले प्रतिजैविक, झोप आणणारे खोकल्याचे औषध किंवा गुंगीतील माणसाला चमच्याने काढा, यांपैकी काहीही देऊ नये. पूर्ण जागृत नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते.

९. डॉक्टरांसमोर आणि नंतर

महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या गर्दीच्या विभागात असो किंवा गल्लीतल्या दवाखान्यात, बोलायला दोन मिनिटे मिळतात. "अशक्तपणा वाटतो" असे न सांगता असे सांगावे: "नेहमीचा श्वास १८, आज २७, नेहमीचा ऑक्सिजन ९७, आज ९३, कालपासून वार सांगता येत नाही, परवा चहा पिताना मोठा ठसका लागला होता." औषधांची यादी आणि जुना एक्स-रे सोबत द्यावा, जुना डाग आणि नवा डाग यांतील फरक त्यावरूनच ठरतो. सुरुवातीच्या काही तासांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून तो स्वच्छ आला तरी प्रकृती घसरत असल्यास पुन्हा दाखवावे.

बरे होऊन घरी आल्यावर जुने पहिले पान वापरू नये. वृद्धांमध्ये ताकद परत यायला कित्येक आठवडे लागतात, आणि काहींची पूर्वीची पातळी परत येतच नाही. प्रकृती स्थिरावल्यावर दुसरा टप्पा नव्याने करावा आणि तारीख घालून नवे पान लिहावे. चौथा टप्पा मात्र घरी आल्याच्या पहिल्याच जेवणाला करावा, कारण आजारपणाने घशाचे स्नायूही दुबळे झालेले असतात. धूम्रपान करणाऱ्यांचा, किंवा लक्षणे रेंगाळलेल्यांचा, एक्स-रे साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा काढतात. ती तारीख डिस्चार्जच्या दिवशीच विचारून वहीत लिहावी. न्यूमोनिया पुन्हा त्याच बाजूला खालच्या भागात झाला, तर गिळण्याची तपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांविषयी स्वतःहून विचारावे.